मेंदूला उत्तेजन देणारे उपचार: घरच्यांना नेहमी पडणारे प्रश्न

गोळ्या बदलून झाल्या, समुपदेशन झाले, तरी माणूस सावरत नाही. अशा वेळी डॉक्टर ईसीटी, आरटीएमएस अशी नावे काढतात आणि घरच्यांच्या पोटात गोळा येतो. मनोविकार विभागात नातेवाईकांशी बोलण्याचे काम करताना मला एक उलटे गणित कायम दिसते. ज्या उपचाराला लोक सर्वांत जास्त घाबरतात, त्याच्यामागे सर्वांत भक्कम पुरावा आहे. आणि ज्याची जाहिरात सर्वांत चकचकीत, त्याचा पुरावा बहुतेकदा सर्वांत तोकडा असतो. हे गणित सुलटे व्हावे, म्हणून ही उत्तरे लिहिली आहेत.

मेंदूला उत्तेजन देतात म्हणजे नेमके काय करतात?

मेंदूतल्या पेशी रसायनांनी आणि विजेच्या अतिसूक्ष्म संकेतांनी एकमेकींशी बोलतात. गोळ्या रसायनांच्या बाजूने काम करतात, हे उपचार विजेच्या बाजूने. ईसीटीमध्ये भूल देऊन काही सेकंद विद्युतप्रवाह सोडतात आणि मेंदूत नियंत्रित फिट आणतात. आरटीएमएसमध्ये डोक्याला टेकवलेल्या कॉइलमधून चुंबकीय स्पंद देतात. यात फिटही नाही, भूलही नाही. टीडीसीएसमध्ये कपाळावर ओले स्पंज बांधून अगदी मंद प्रवाह सोडतात. डीबीएसमध्ये शस्त्रक्रिया करून मेंदूच्या आत बारीक तारा बसवतात. यांखेरीज मानेतल्या व्हेगस नर्व्हला उत्तेजन देणारे व्हीएनएस आहे. अमेरिकेत त्याला 1997 मध्ये अपस्मारासाठी आणि 2005 मध्ये औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्यासाठी परवानगी मिळाली, पण त्याचा गुण यायला कित्येक महिने लागतात.

या पाचही गोष्टी एकाच नावाखाली येतात, म्हणून त्या एकाच मापाने मोजू नका. धोका, खर्च, पुरावा, सगळेच वेगळे आहे.

ईसीटी म्हणजे सिनेमात दाखवतात तोच शॉक ना?

नाव तेच, पण पद्धत फार बदलली आहे.

बुडापेस्टमध्ये लाडिस्लास मेडुना यांनी 1934 मध्ये औषधाने फिट आणून काही मनोरुग्ण सुधारतात असे मांडले. 1938 मध्ये रोममध्ये उगो चेर्लेत्ती आणि लुचो बिनी यांनी तीच फिट विजेने आणून दाखवली. नैराश्यावरच्या किंवा स्किझोफ्रेनियावरच्या आजच्या गोळ्या त्या काळी नव्हत्याच. वर्षानुवर्षे दगडासारखा बसलेला माणूस बोलू लागला, हे पाहून उपचार झपाट्याने जगभर पसरला. मात्र तेव्हा भूल न देताच झटके देत. शरीर जोरात आखडे, दात तुटत, मणक्याला फ्रॅक्चर होत. काही ठिकाणी तर शिक्षा म्हणूनही हे झटके दिले गेले. लोकांच्या मनातली भीती तिथून आली आहे आणि ती खोटी नाही.

आज काय होते ते सांगते. रुग्णाला सकाळी उपाशीपोटी आणतात. भूलतज्ज्ञ शिरेतून भूल देतात, स्नायू सैल करणारे औषध देतात, ऑक्सिजन लावतात, दातांमध्ये मऊ गार्ड ठेवतात. मग कपाळाच्या एका किंवा दोन्ही बाजूंनी काही सेकंद प्रवाह सोडतात. फिट येते ती मेंदूत, साधारण अर्ध्या ते एका मिनिटाची. बाहेरून पाहाल तर पायाची बोटे किंवा पापण्या किंचित थरथरताना दिसतात. काही मिनिटांत रुग्ण जागा होतो, अर्ध्या-एक तासात चहा मागतो. आठवड्यातून दोन-तीन वेळा, असे एकूण सहा ते बारा वेळा करतात. जिवाला धोका किती, तर दर एक लाख वेळांमागे दोनच्या आसपास मृत्यू, म्हणजे भूल देऊन केलेल्या एखाद्या छोट्या शस्त्रक्रियेइतका.

मग ती कोणाला देतात?

ज्याच्याकडे वेळ नाही त्याला. खाणेपिणे सोडलेला, आत्महत्येचा विचार डोक्यातून जात नसलेला, 'माझे आतडे सडले आहे' अशा भ्रमात अडकलेला नैराश्याचा रुग्ण. गोळीला तीन-चार आठवडे लागतात, तितके थांबणे अशा माणसाला परवडत नाही. गंभीर नैराश्यात साधारण 60 ते 80 टक्के रुग्णांना ठळक गुण येतो, वयस्कर रुग्णांत आणि भ्रम असलेल्या नैराश्यात तो आणखी चांगला असतो. दुसरा मोठा वर्ग कॅटाटोनियाचा. रुग्ण बोलत नाही, गिळत नाही, तासन्‌तास एकाच स्थितीत राहतो. आधी लोराझेपाम हे औषध देऊन पाहतात, नाही भागले तर ईसीटी. तीव्र मेनियात, म्हणजे बेफाम उत्साहाच्या आजारात, आणि क्लोझापिन या औषधालाही पुरेसा प्रतिसाद न देणाऱ्या स्किझोफ्रेनियातही ती वापरतात. गरोदरपणातही, प्रसूतितज्ज्ञांच्या देखरेखीखाली, ती देता येते.

'सगळे उपाय थकले की शेवटी शॉक' ही समजूत अनेकांची वर्षे वाया घालवते. मला सर्वांत जास्त वाईट त्याचेच वाटते. काही आजारांत ईसीटी शेवटी आणण्यात शहाणपण नाही, ती लवकर द्यायला हवी.

स्मरणशक्ती कायमची जाते का?

या प्रश्नाला 'काही होत नाही हो' असे उत्तर मिळाले तर ते अपुरे समजा. उपचार चालू असताना गोंधळ होतो, नवे लक्षात राहत नाही. हे बहुतेकांचे काही आठवड्यांत भरून येते. नवे शिकण्याची ताकद परत येते, कित्येकदा आजारपणातल्यापेक्षा चांगली होते, कारण नैराश्य स्वतःच स्मृती खाते.

पण उपचाराच्या आधीच्या काही आठवड्यांच्या किंवा महिन्यांच्या आठवणींत भोके पडू शकतात आणि त्यांतली काही कधीच भरत नाहीत. एखादे लग्नकार्य, एखादा प्रवास आठवत नाही. काही जणांना हे फार लागते. दोन्ही बाजूंऐवजी फक्त उजव्या बाजूने आणि अतिलघु स्पंदांनी दिल्यास हा त्रास कमी होतो, मात्र गुण यायला एखाद-दोन वेळा जास्त लागू शकतात. म्हणून 'कोणत्या बाजूने देणार?' हे जरूर विचारा. सुरू करण्याआधी महत्त्वाचे पिन नंबर, हिशेब, औषधांची यादी एका वहीत लिहून ठेवा. महिनाभर मोठे व्यवहार करू नका आणि गाडी चालवायची कधी, ते डॉक्टरांना विचारून ठरवा.

कोर्स पूर्ण झाला, माणूस हसायला लागला. आता गोळ्या बंद?

नाही. इथेच सर्वांत जास्त घरे चुकतात. अमेरिकेत 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ईसीटीने बरे झालेल्या रुग्णांचे तीन गट केले होते. सहा महिन्यांत निव्वळ खोटी गोळी घेणाऱ्यांपैकी 84 टक्के पुन्हा आजारी पडले, नॉरट्रिप्टिलीन ही नैराश्यावरची गोळी घेणाऱ्यांपैकी 60 टक्के, तर नॉरट्रिप्टिलीन आणि लिथियम दोन्ही घेणाऱ्यांपैकी 39 टक्के. ईसीटी माणसाला खड्ड्यातून वर काढते. तो पुन्हा पडू नये यासाठी गोळ्या लागतात आणि काहींना महिन्यातून एखादी देखभालीची ईसीटीही लागते. पहिल्याच बैठकीत डॉक्टरांना विचारा, 'शेवटच्या ईसीटीनंतर काय?' त्याचे उत्तर ठरल्याशिवाय सुरुवात करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

नातेवाइकांनी सही केली की ईसीटी देता येते का?

मानसिक आरोग्यसेवा कायदा 2017 हा मे 2018 पासून लागू आहे. त्यानुसार भूल आणि स्नायू सैल करणारे औषध न देता ईसीटी देण्यास मनाई आहे. अठरा वर्षांखालील मुलांना ती देता येत नाही. अपवाद करायचा तर पालकांची संमती आणि मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाची आधी घेतलेली परवानगी, दोन्ही हवे. तातडीच्या उपचारांची जी सवलत कायद्यात आहे, तिच्या आधाराने ईसीटी देता येत नाही.

रुग्ण स्वतः समजून घेण्याच्या स्थितीत असेल तर संमती त्याचीच. तो तशा स्थितीत नसेल तेव्हा त्याने नेमलेला प्रतिनिधी मदतीला येतो. बरे असताना आगाऊ निर्देश लिहून ठेवण्याचाही हक्क आहे: मला हा उपचार चालेल, तो चालणार नाही. वारंवार आजारी पडणाऱ्यांनी हा कागद जरूर करावा. भावाभावांतली भांडणे वाचतात आणि माणसाचा शब्द त्याच्या आजारपणातही राहतो.

आरटीएमएस करताना दुखते का?

1985 मध्ये इंग्लंडमधल्या शेफील्ड येथे अँथनी बार्कर आणि सहकाऱ्यांनी डोक्याबाहेरून चुंबकीय स्पंद देऊन हाताची बोटे हलवून दाखवली. आजही सुरुवात तशीच होते. कॉइल डोक्यावर फिरवत अंगठा कोणत्या ताकदीला उडतो ते पाहतात आणि त्यावरून तुमची मात्रा ठरते. मग कॉइल कपाळाच्या डाव्या बाजूला, थोडी वर आणतात. सुतारपक्षी डोक्यावर चोच मारतो आहे, असे वाटते आणि आवाजही तसाच टकटक येतो. म्हणून कानात बोळे घालतात. पहिले काही दिवस टाळू हुळहुळते, डोके दुखते. बाकी तुम्ही जागे असता आणि नंतर आपले आपण रिक्षा करून घरी जाता. आठवड्यातून पाच दिवस, चार ते सहा आठवडे. जुन्या पद्धतीत एक बैठक साडेसदतीस मिनिटांची असे. 2018 मध्ये कॅनडातल्या 414 रुग्णांच्या अभ्यासाने थीटा बर्स्ट ही तीन मिनिटांची पद्धत तितकीच उपयोगी असल्याचे दाखवले, तेव्हापासून सोय झाली.

फिट येण्याचा धोका आहे, पण तो हजारात एकापेक्षाही कमी. डोक्यात धातूची क्लिप किंवा कानात कॉक्लिअर इम्प्लांट असेल तर हा उपचार नको. पेसमेकर असेल किंवा पूर्वी फिट येत असतील तर आधी सांगा.

पण गुण किती येतो?

जाहिरातीत दिसतो त्यापेक्षा कमी आणि नाउमेद व्हावे इतकाही कमी नाही. 2010 मध्ये अमेरिकेत सरकारी निधीतून 190 रुग्णांवर झालेल्या चाचणीत, कोणतेही औषध न घेता, खऱ्या आरटीएमएसने सुमारे 14 टक्के पूर्ण बरे झाले आणि खोट्या कॉइलने 5 टक्के. प्रत्यक्ष दवाखान्यांत, गोळ्या चालू ठेवून आणि पुरेसे दिवस दिल्यावर, निम्म्याच्या आसपास रुग्णांत चांगली सुधारणा नोंदली जाते. त्या आकड्यात रोज घराबाहेर पडणे, कोणीतरी आपुलकीने विचारपूस करणे यांचाही वाटा आहे. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने नैराश्यासाठी 2008 मध्ये आणि ओसीडीसाठी, म्हणजे तेच तेच विचार आणि कृती सुटत नाहीत त्या आजारासाठी, 2018 मध्ये हे तंत्र मान्य केले.

माझ्या मते आरटीएमएसची खरी जागा मधल्या रुग्णांत आहे: दोन गोळ्यांनी भागले नाही, पण चालता-बोलता आहे, खातो-पितो आहे. जो जेवण सोडून भिंतीकडे तोंड करून पडला आहे, त्याला 'ईसीटी नको, आरटीएमएस द्या' असा हट्ट धरून सहा आठवडे घालवणे धोक्याचे.

'पाच दिवसांत डिप्रेशन बरे' हे खरे आहे का?

यामागे स्टॅनफर्ड विद्यापीठात नोलन विल्यम्स यांच्या गटाने केलेले खरे संशोधन आहे. आधी फंक्शनल एमआरआय करून प्रत्येकाच्या मेंदूतली नेमकी जागा शोधायची आणि दिवसाला दहा बैठका, असे पाच दिवस द्यायचे. 2022 च्या चाचणीत खरा उपचार मिळालेल्यांपैकी 79 टक्के पुढच्या चार आठवड्यांत केव्हातरी पूर्ण बरे या मापात आले, खोट्या उपचारातले 13 टक्के. त्याच वर्षी एफडीएची मान्यताही मिळाली. आकडा आनंदाचा आहे, पण त्या चाचणीत एकूण माणसे होती 29, आणि पाहणी झाली चार आठवड्यांची. शिवाय एमआरआयने जागा न शोधता नुसत्याच भराभर दिलेल्या बैठकांना तेच आकडे चिकटवून जाहिरात होत असेल, तर ती दिशाभूल आहे.

ऑनलाइन हेडसेट मिळतात. मुलाच्या बारावीसाठी, नीटसाठी घेऊ का?

नको. हा प्रश्न दरवर्षी निकालाच्या आगेमागे वाढतो.

हे हेडसेट म्हणजे घरगुती टीडीसीएस. त्याचे आधुनिक संशोधन 2000 मध्ये जर्मनीतल्या ग्योटिंगेन येथे निट्शे आणि पाउलुस यांच्या प्रयोगांपासून वाढले. प्रवाह असतो एक-दोन मिलिअँपिअर, वीस-तीस मिनिटे. स्वस्त, सुटसुटीत, म्हणून संशोधकांना तो फार हवाहवासा वाटतो. निकाल मात्र हेलकावे खातात. 2017 च्या ब्राझीलमधल्या मोठ्या चाचणीत तो एसिटालोप्रॅम या नेहमीच्या गोळीच्या तोडीचा असल्याचे सिद्ध झाले नाही. 2023 च्या जर्मन चाचणीत गोळीसोबत देऊनही खोट्या यंत्रापेक्षा फरक पडला नाही. 2024 मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेत घरी वापरायच्या यंत्रावर झालेल्या चाचणीत फरक दिसला, पण ती माणसे नैराश्याची होती आणि त्यांच्यावर व्हिडिओ कॉलवरून देखरेख होती. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये स्किझोफ्रेनियातल्या 'कानात येणाऱ्या आवाजां'वर याचा चिकाटीने अभ्यास चालू आहे. त्या कामातले एक प्रमुख संशोधक गणेशन वेंकटसुब्रमणियन यांना 2018 चा शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला.

निरोगी मुलाच्या वाढत्या मेंदूवर गुण वाढवण्यासाठी प्रयोग करणे यात कुठेच बसत नाही. 2016 मध्ये या क्षेत्रातल्या संशोधकांनीच खुले पत्र लिहून घरगुती प्रयोग करणाऱ्यांना सावध केले: प्रवाह स्पंजाखालीच थांबत नाही, आणि एक क्षमता वाढताना दुसरी घटू शकते. मुलाची झोप आणि त्याच्यावरचे दडपण, या दोन गोष्टींकडे आधी पाहा.

मेंदूत तार बसवून ओसीडी किंवा नैराश्य जाते म्हणतात, ते काय आहे?

डीबीएसची आजची पद्धत फ्रान्समधल्या ग्रनोबल येथे अलिम-लुई बेनाबिद यांनी 1987 मध्ये हातापायांच्या कंपासाठी सुरू केली. बेल्जियममधल्या लुवेन येथे बार्ट नटिन यांच्या गटाने 1999 मध्ये ती तीव्र ओसीडीसाठी वापरल्याचे प्रसिद्ध केले. दिवसाचे आठ-दहा तास हात धुण्यात जाणारे, सर्व औषधे आणि वर्तनोपचार थकलेले असे रुग्ण होते ते. अमेरिकेत 2009 मध्ये अशाच अत्यंत निवडक रुग्णांसाठी सवलतीची परवानगी मिळाली.

नैराश्याची कथा जास्त शिकवणारी आहे. 2005 मध्ये टोरांटोत हेलन मेबर्ग आणि आंद्रेस लोझानो यांनी मेंदूतल्या एरिया 25 या छोट्या भागात तारा बसवल्या. सहापैकी चार रुग्णांना गुण आला. जगभर बातम्या झाल्या. मग मोठी चाचणी घेतली. तारा सर्व 90 जणांच्या डोक्यात बसवल्या, मात्र पहिले सहा महिने यंत्र सुरू केले ते 60 जणांचेच. सुधारणा झाली यंत्र चालू असलेल्या 20 टक्क्यांत आणि बंद असलेल्या 17 टक्क्यांत. जवळपास सारखीच! चाचणी आवरती घेतली. पण पुढे सर्वांचीच यंत्रे सुरू ठेवली, तेव्हा दोन वर्षांनी जवळपास निम्म्यांत सुधारणा होती. सहा महिने अपुरे होते की जागा चुकीची, की काळच उपकारक ठरला, यावर संशोधक आजही झगडत आहेत. 2021 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या गटाने एका रुग्णाच्या मेंदूतली नैराश्याची खूण ओळखून त्याच क्षणी उत्तेजन देणारे यंत्र बसवले आणि ते कामी आले. एका माणसावर. आशा धरावी, घर गहाण ठेवू नये.

भारतात मानसिक आजारासाठी मेंदूवर शस्त्रक्रिया करायची तर रुग्णाची स्वतःची संमती आणि मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाची मान्यता दोन्ही लागतात. इथे नातेवाइकांची सही पुरत नाही.

यातून माणसाचा स्वभाव बदलतो का? मनावर ताबा घेता येतो का?

ताबा नाही. मात्र डीबीएसमध्ये यंत्राची मात्रा चुकली तर माणूस नको इतका उत्साही, बेदरकार होऊ शकतो. मात्रा कमी केल्यावर तो पूर्ववत होतो. द्विध्रुवी आजारात, म्हणजे कधी नैराश्य तर कधी मेनिया येतो त्या आजारात, कोणताही नैराश्यविरोधी उपचार मेनियाकडे ढकलू शकतो, म्हणून घरात कोणाला तसा आजार असेल तर सांगा.

भीतीला इतिहासाचा आधार आहे, हेही नाकारू नये. अमेरिकेतल्या ट्युलेन विद्यापीठात रॉबर्ट हीथ यांनी 1950 पासून मनोरुग्णांच्या मेंदूत तारा बसवल्या आणि 1972 मध्ये एका समलिंगी तरुणाचे आकर्षण 'बदलण्यासाठी' हे तंत्र वापरल्याचे छापले. समलिंगी असणे हा आजार नव्हताच. आज संमतीचे आणि नीतिसमितीचे जे कागद कटकटीचे वाटतात, ते अशा प्रकारांमुळे आले आहेत.

संशोधनात भाग घ्या म्हणतात. घ्यावा का?

जरूर विचार करा. ही सगळी आकडेवारी कोणीतरी भाग घेतला म्हणूनच आपल्याला मिळाली. फक्त हे ओळखा की अभ्यासाचा हेतू उत्तर शोधणे हा आहे आणि तुमच्या वाट्याला खोटी कॉइल येऊ शकते. भारतात अशा चाचणीची नोंद क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री या सरकारी संकेतस्थळावर असली पाहिजे. नोंदणी क्रमांक मागा. संमतीपत्र मराठीत मागा, घरी नेऊन वाचा. भाग घेण्यासाठी पैसे मागत असतील तर बाहेर पडा. आणि शरीरात यंत्र बसवायचे असेल तर लेखी विचारा: अभ्यास संपल्यावर बॅटरी कोण बदलणार, यंत्र काढायचे तर खर्च कोणाचा, कंपनी बंद पडली तर काय?

खर्च आणि विमा?

ईसीटी सरकारी रुग्णालयांत आणि वैद्यकीय महाविद्यालयांत अगदी कमी खर्चात होते. महाराष्ट्रात येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथली प्रादेशिक मनोरुग्णालये, गोव्यात बांबोळीची मनोरुग्ण संस्था, इथे आधी चौकशी करा. आरटीएमएस बहुतेक खासगी ठिकाणी बैठकीच्या हिशेबाने असते. डीबीएस काही लाखांत जाते. कायद्याने विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखेच धरायचे आहे आणि विमा नियामकाच्या 2019 च्या यादीत डीबीएसचे नाव आहे, पण मर्यादा पॉलिसीनुसार बदलतात. मंजुरी लेखी घ्या.

मुलीला ईसीटी दिली हे लग्न ठरवताना सांगावे का?

उपचाराची नोंद गोपनीय ठेवणे रुग्णालयावर बंधनकारक आहे. पण आजार लपवून केलेल्या लग्नात पुढे काय होते ते मी पाहते. सासरी गोळ्या चोरून घ्याव्या लागतात, मग त्या सुटतात आणि आजार उलटतो. मुलीशी बोलून, तिला हवे तितके, पण आजाराबद्दल सांगा. कोणत्या उपचाराने ती बरी झाली हा त्यातला तपशील आहे.

हे सगळे वाचायलाही वेळ नाही. घरात कोणीतरी मरायच्या गोष्टी बोलते आहे.

मग आत्ता कोणता उपचार चांगला हे ठरवत बसू नका. त्या माणसाला एकटे सोडू नका, घरातली कीटकनाशके, गोळ्यांचा साठा, दोर नजरेआड करा आणि जवळच्या कोणत्याही रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्या. टेली मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक चोवीस तास, मोफत चालतो आणि तिथे मराठीत बोलता येते.